शेतकऱ्याच्या बोटाला टक्का किती?



जिल्हा मेळाव्याची विषयपत्रिका तालुक्यांना गेली आणि आठ दिवसांत तीन ठिकाणांहून एकच विचारणा आली. कर्जमुक्ती समजली, वीजबिल समजले, कांदा-सोयाबीनचे भाव समजले. पण 'अपंगांचा कायदा' हा पाचवा विषय कोणी घुसडला? त्या कामाला संस्था आहेत, सरकारचे खाते आहे, शहरातले दानशूर आहेत. आपण भावाचे लोक. दहा विषय हातात घेतले की एकही धड होत नाही.

विचारणाऱ्यांवर आमचा राग नाही. मुंबईला जाऊन येण्याआधी आम्हीही हेच विचारले असते.

आम्ही पाच जण गेलो होतो. अपंगांच्या कायद्यावर काम करणाऱ्या मुंबईच्या मंडळींची गिरगावात बैठक होती आणि त्यांना खेड्यातली माणसे हवी होती. आमच्यातल्या दोघांना मुद्दाम नेले. एकाचा उजवा पंजा सोयाबीन काढताना मळणी यंत्रात मनगटापासून गेलेला. दुसऱ्याला लहानपणी पोलिओ झाला, तो दोन कुबड्यांवर चालतो. तीन एकरांत भाजीपाला करतो, आणि टोमॅटोच्या खर्चाचा हिशेब आमच्या भागात त्याच्याइतका पक्का कोणाला येत नाही. मुक्काम लालबागला, चाळीतल्या गावच्या मंडळाच्या खोलीत. गिरण्या चालू होत्या तेव्हा अशा एकेका खोलीत वीस-तीस माणसे पाळ्या लावून झोपायची. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या वळकट्या पसरायची.

शेजारच्या खोलीत आमच्याच गावचे एक म्हातारे राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. गिरणीत कार्डिंग खात्यात होते, १९८२ च्या संपानंतर परत घेतले गेले नाहीत ते नाहीतच. त्याआधी कधीतरी मशीनमध्ये त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. रात्री जेवताना त्यांचे लक्ष आमच्या कार्यकर्त्याच्या मनगटाकडे गेले.

"किती मिळाले रे याचे?"

"काही नाही, नाना. अर्ज केला होता. पंचनामा नाही म्हणून परत आला."

"मला दोन बोटांचे अजून महिन्याच्या महिन्याला येतात. थोडे येतात, पण येतात. तुझ्या आख्ख्या पंजाचे काहीच नाही? मग हात घालतोस कशाला त्या मशीनमध्ये?"

"सोयाबीन काढायचे तर घालावाच लागतो, नाना."

त्यावर नाना गप्प बसले. आम्हीही. दोघेही एका गावचे. थोरल्या घरचे कोणी गिरणीत गेले आणि धाकट्या घरचे रानात राहिले, एवढाच फरक. एकाची दोन बोटे कायद्याने मोजली, दुसऱ्याचा पंजा कोणी मोजला नाही.

हा भूतदयेचा विषय नाही, हिशेबाचा आहे, आणि हिशेब आपल्याला कळतो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा इंग्रजांनी १९२३ साली केला. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरायचे. एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, चारही बोटे गेली तर ५० टक्के, पंजा गेला तर ६० टक्के, दोन्ही हात गेले तर १००. पुढे राज्य विमा योजना १९५४ साली मुंबईत सुरू झाली. तिनेही अशाच तक्त्यावर टक्के मोजले आणि गिरणी कामगाराच्या तुटलेल्या बोटाला जन्मभराची मासिक रक्कम लावून दिली. नानांना येते ती ही. फुकट कोणी दिली नाही. परळ-लालबागच्या कामगारांनी वर्गणी भरली, संप केले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कायद्याची कलमे त्यांच्या दारी आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, तक्ता तिथेही आहे.

पण जुन्या कायद्यात काय नि नव्या संहितेत काय, अपघाताची भरपाई मागायची ती मालकाकडे. ट्रॅक्टरवर वा यंत्राच्या शेतीवर मजुरीला असलेल्या माणसाला कागदावर तरी हा हक्क आहे. स्वतःच्या रानात स्वतः राबणाऱ्याने कोणाकडे मागायचे? कायदा म्हणतो तू मालक. तीन एकर जिराईत, सोसायटीचे थकलेले कर्ज आणि मळणीवाल्याची उधारी, असा हा मालक. भाव ठरवायच्या वेळी याला कोणी मालक म्हणत नाही. निर्यातबंदी लादताना याचा माल याच्या मालकीचा नसतो. हात तुटला की मात्र हा एकदम मालक होतो आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर.

कोणी म्हणेल, राज्याची अपघात योजना आहे की. आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने. २०२३ पासून विमा कंपनीला मधून काढून सरकार स्वतः पैसे देते, ही सुधारणा आहे आणि ती आम्ही मान्य करतो. मृत्यूला दोन लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. एकदाच मिळतात. बोटांना टक्का नाही. संरक्षण खातेदाराला आणि घरातल्या आणखी एकाला. म्हणजे ज्या घरात पाच माणसे रानात राबतात, तिथे तिघांचे हात सरकारच्या लेखी नाहीतच. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई पहाटे कडबाकुट्टीत पेंढी सारते, तिचा नंबर बहुतेक त्या तिघांतच लागतो. आणि वर पंचनामा. रक्ताच्या धारा लागलेला माणूस दवाखाना गाठेल की पोलीस ठाणे?

आता यंत्राकडे या. केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. तो कारखान्यातल्या यंत्रांसाठी नव्हता, मळणी यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून केला होता. ऐंशीच्या दशकाच्या आगेमागे गव्हाच्या मुलखात इतके हात तुटले की संसदेला ते दिसले. यंत्र कसे असावे याचे मानक त्याच सुमाराचे आहे. पेंढी आत सारायची पन्हाळी किमान ९० सेंटीमीटर लांब हवी आणि तिचा ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे माणसाचा हात फिरत्या ड्रमपर्यंत पोचतच नाही. गणित एवढे सोपे आहे. पत्र्याचा एक हातभर तुकडा. तुमच्या गावातल्या मळणी यंत्राची पन्हाळी मोजून पाहा. आम्ही आमच्या वाडीत भाड्याने येणारी चार यंत्रे मोजली. एकही बसले नाही. एकाचे झाकण मालकाने काढून ठेवले होते, कारण झाकण असले की काम हळू होते. त्यालाही दोष देववत नाही. पाऊस डोक्यावर असतो, तासावर भाडे असते, आणि मालाला असा भाव नसतो की अर्धा दिवस जास्त लागला तर चालेल. भाव आणि हात यांचा संबंध नाही म्हणणाऱ्याने सोयाबीनच्या मळणीला एक रात्र यंत्रापाशी उभे राहून बघावे.

हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अपंगांचा स्वतःचा कायदा आहे, आणि त्याच्याकडे आपण कधी ढुंकून पाहिले नाही.

मुंबईत अपंगांची कामे जुनी आहेत. छप्पन्याच्या दुष्काळात, १९०० साली, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. तीच दादरची अंध मुलींची शाळा. ताडदेवची व्हिक्टोरिया शाळा १९०२ ची. हाजीअलीला अवयव आणि उपचारांची केंद्र सरकारची संस्था १९५५ सालापासून आहे. परळला केईएम आणि टाटा, जिथल्या फुटपाथवर आपल्या सगळ्या जिल्ह्यांची माणसे चादरी टाकून पडलेली असतात. दुष्काळात घर सोडावे लागले ती कुणब्याची नि बलुतेदाराची पोरे होती. त्यांच्या डोळ्यांसाठी शाळा निघाली ती मुंबईला, गाव सुटल्यावर. सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी वाट तीच आहे. आधी गाव सुटते, मग सोय भेटते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यातले १ कोटी ८६ लाख खेड्यात राहतात. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. हे आकडे मिळाले तेही भांडून. १९९१ च्या जनगणनेत अपंगांची मोजदादच नव्हती. अपंगांच्या संघटनांनी दिल्लीत धडका मारल्या तेव्हा २००१ साली तो प्रश्न पुन्हा फॉर्मवर आला. त्यांचा पहिला मोठा कायदा डिसेंबर १९९५ मध्ये संसदेत झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. सरकारी नोकरीत ३ टक्के जागा मिळाल्या. पण रस्ता, इमारत, गाडी यांच्या कलमांत सरकारने एक शेपूट लावले होते: 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. सरकारची कुवत कधी पुरी पडते हे आपल्याला हमीभावाच्या खरेदीवरून माहीत आहे. वीस वर्षे त्या शेपटावर काढली. मग २०१६ चा नवा कायदा. अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले, नोकरीत ४ टक्के जागा झाल्या आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुधारण्याची सक्ती आली. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ ला संपली.

आमची गिरगावची ती बैठक एका जुन्या सभागृहात होती. दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. अपंगांच्या कायद्यावरच्या बैठकीला आमच्या कुबड्यांवरच्या गड्याला चव्वेचाळीस पायऱ्या चढाव्या लागल्या. त्याने मोजल्या. बोलावणाऱ्यांना शरम वाटली, त्यांनी माफी मागितली. स्वस्तात हॉल तोच मिळाला म्हणाले. आम्हाला ते पटले, कारण आपले मेळावेही असेच होतात. त्याच गिरगावात जमिनीखाली मेट्रोचे स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडले. तिथे लिफ्ट आहे. कायदा झाल्यावर नवे बांधले तर सोय होते. करायचे नसते तेव्हाच कुवत आठवते.

दादरला शिवाजी पार्काच्या बाजूची गोष्ट तर मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. मोटारसायकली फुटपाथवर चढतात म्हणून लोखंडी खांब रोवले, ते इतके जवळजवळ की चाकाची खुर्ची आत शिरेना. तिथल्या एका खुर्चीवरच्या रहिवाशाने न्यायमूर्तींना पत्र पाठवले. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि महापालिकेला जाब विचारला. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा सोयी-सुविधांचा नियमच बेकायदा ठरवला, कारण त्यात शिफारशी होत्या, सक्ती नव्हती.

हे वाचून तुम्ही म्हणाल, आमच्या गावात फुटपाथच नाही. बरोबर. मुंबईच्या मंडळींना आम्ही हेच ऐकवले, जरा तिखटच ऐकवले. तुमचा सगळा कायदा नोकरी, लिफ्ट आणि लोकलचा डबा. आमच्या माणसाला नोकरी नाही, इमारत नाही, रेल्वे नाही. तेव्हा तिथल्या एका अंध वकील बाईंनी आम्हाला विचारले, "तुम्ही कायदा वाचलाय का?" नव्हता वाचला. त्यांनी सदतिसावे कलम तोंडपाठ सांगितले आणि आमची बोलती बंद झाली.

त्या कलमात लिहिले आहे की सरकारी योजनांमधून शेतजमीन आणि घरे वाटली जातात त्यांत ५ टक्के वाटा अपंगांचा, त्यातही स्त्रियांना आधी. शेतजमीन! पार्लमेंटच्या कायद्यात हा शब्द २०१६ पासून आहे आणि शेतकऱ्यांच्या आंदोलनाला त्याचा पत्ता नाही. आपल्याकडे दादासाहेब गायकवाडांच्या नावाच्या योजनेत भूमिहीन दलित कुटुंबांना चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागाईत घेऊन देतात. आपल्या जिल्ह्यात आजवर किती वाटली आणि त्यात अपंग किती, हा प्रश्न आपल्यापैकी कोणी कधी विचारला?

चोविसावे कलम पाहा. सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जे मिळते त्यापेक्षा अपंगाची रक्कम किमान २५ टक्के जास्त असलीच पाहिजे. कलमाच्या सुरुवातीला ते 'आर्थिक कुवती'चे शेपूट इथेही आहे, पण टक्क्याच्या वाक्यात नाही. आता संजय गांधी निराधार योजना घ्या, १९८० पासूनची. २०२३ साली सगळ्यांना महिना १,५०० रुपये झाले. अपंगालाही १,५००. कायद्याने किमान १,८७५ हवे होते. दरमहा ३७५ रुपये कमी. दोन वर्षांचे ९,००० रुपये एकेका माणसाचे सरकारने ठेवून घेतले, आणि तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत कोणाला त्याची लाज वाटली नाही, कारण मागणारा कोणी कायदा वाचून गेलाच नाही. जून २०२५ मध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा कर्जमाफी आणि अपंगांना महिना ६,००० या दोन्ही मागण्या त्यांनी एकाच कागदावर लिहिल्या. त्यांच्या राजकारणाशी आमचे पटत नाही, ते इथे सांगायचे कारण नाही. पण एका कागदावर लिहिल्या हे बरोबर केले. सप्टेंबरात सरकारने अपंगांची रक्कम २,५०० केली. सहा हजार नाही झाले, पण पंधराशेवरून तर हलले.

आणि ग्रामपंचायत. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. तुमचा सरपंच आपलाच कार्यकर्ता असेल. त्याला विचारा. आम्ही आमच्या तीन सरपंचांना विचारले. एकाने मार्चअखेर सगळ्यांना प्रेशर कुकर वाटले होते. एकाने "बघतो" म्हटले. तिसरा खरे बोलला, म्हणाला, "मला वाटले ते ऐच्छिक आहे."

इथे आपल्याही पदरात माप टाकले पाहिजे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत आपण रस्ते अडवले. पण अपंग माणूस दारी आला की आपण काय केले? पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तीनचाकी सायकली वाटल्या, फोटो काढले, पेपरात दिले. वाटली ती भीकच. मेळाव्याला कुबड्यांवरचा माणूस आला तर त्याला पुढे खुर्ची देतो, माईक देत नाही. टोमॅटोचा हिशेब त्याला सगळ्यांत चांगला येतो हे आम्हाला माहीत होते. तरी भावाच्या अभ्यासगटात तो नव्हता. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. सुचलेच नाही.

नावाचाही एक घोळ आहे. पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरात 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात त्या नावाचे स्वतंत्र खातेही झाले. आमच्या पंजा गेलेल्या कार्यकर्त्याला आम्ही विचारले, तुला काय म्हणावे? तो म्हणाला, "शेतकरी म्हणा."

मालकाचा मुद्दा उरतो. स्वतःच्या रानात हात गेला तर पैसे द्यायचे कोणी? मंत्रालयात आम्हाला हेच तोंडावर फेकले गेले. याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. मशीद बंदरच्या हमालाला तरी एक मालक कुठे होता? आज या पेढीवर, उद्या त्या. तरी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याने १९६९ चा माथाडी कायदा आला. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याकडून लेव्ही, ती मंडळाकडे, आणि मंडळाकडून हमालाला रजा, फंड, दवाखाना. बांधकाम मजुराचा मालक रोज बदलतो, त्याच्यासाठी १९९६ मध्ये बांधकाम खर्चावर उपकर बसला. म्हणजे एक ठरावीक मालक नसला तरी पैसा उभा राहतो, हे सरकारला दोनदा मान्य झालेले आहे. मार्केट यार्डात आपले पोते उचलणाऱ्या हमालाला मंडळ आहे, याचा आम्हाला आनंद आहे. त्या पोत्यातला माल काढताना ज्याचा हात गेला त्याला का नाही, एवढेच आमचे म्हणणे. मळणी यंत्रावर सरकारने सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के जीएसटी घेतला, आता ५ टक्के घेते. बाजार समितीत प्रत्येक क्विंटलवर फी वसूल होते. यातूनच शेतकऱ्याच्या हातापायांचा निधी काढा. त्याला तोच १९२३ चा तक्ता लावा, बोटागणिक टक्का, आणि रक्कम नानांना येते तशी महिन्याच्या महिन्याला, जन्मभर. शेतकऱ्याला, त्याच्या बायकोला, मजुराला, वाटेकऱ्याला, सातबारा न बघता. पंचनाम्याच्या जागी दवाखान्याचा कागद पुरावा धरा. मानकाबाहेरचे यंत्र विकणाऱ्यावर १९८३ चा कायदा लावा, भाड्याने चालवणाऱ्या गरिबावर नाही. आणि तामिळनाडूने २०२५ साली प्रत्येक ग्रामपंचायतीत एक अपंग सदस्य नेमायचा कायदा केला, तसा इथेही हवा, म्हणजे ५ टक्क्यांचे कुकर होणार नाहीत.

मेळाव्याआधी प्रत्येक गावच्या शाखेने एक काम करायचे आहे. गावात यंत्राने हात, बोट, पाय, डोळा गेलेल्यांची यादी करायची: कोणते यंत्र, कोणते साल, कोणते पीक, काय गेले, काय मिळाले. चरकात गेलेली बोटे धरा, कडबाकुट्टीतली धरा, विहिरीच्या मोटारीच्या पट्ट्यातली धरा. बायकांची नावे मुद्दाम विचारा, ती आपणहून कोणी सांगत नाही. यंत्राच्या पन्हाळीचे माप टेपने घेऊन लिहा. ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांसाठी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि उत्तराची प्रत सोबत आणा. उत्तर आले नाही तर अर्जाची पोच आणा.

मेळाव्याची जागा बदलली आहे. आधी ठरलेल्या मंगल कार्यालयाला जिना होता. आता बाजार समितीच्या लिलावाच्या शेडमध्ये, सकाळी अकराला. पाचव्या विषयावर पहिले बोलणारे आमचे टोमॅटोवाले कार्यकर्ते असतील, आणि भावाच्या विषयावरही तेच.